कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू जाम झालाय किंवा घासलाय? असा काढा

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि नव्या गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, पण जुनी स्प्लेंडर, पॅशन, ॲक्टिव्हा, फवारणीचा पंप, ब्रश कटर हे सगळं अजून कार्बोरेटरवरच चालतंय, आणि कचरा काढायला खालची वाटी उघडायला गेलं की एखादा स्क्रू हमखास अडतो. जोर लावला की स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीचं गोल भोक होतं आणि मग खरा त्रास सुरू होतो. म्हणून स्क्रू अजून शाबूत असेल तर आत्ताच थांबा, कारण त्याचं डोकं चांगलं आहे तोवर काम सोपं आहे.

जाम होण्याचं कारण बहुतेक वेळा गंज एवढंच नसतं. बॉडी ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूची आणि स्क्रू लोखंडी, दोघांमध्ये ओल गेली की आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि तीच स्क्रू आवळून ठेवते. गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर हे नक्की.

आता पेचकस. केहिन, मिकुनी ही जपानी घराण्याची कार्बोरेटर, त्यांचे स्क्रू दिसायला साध्या स्टारसारखे पण बऱ्याचदा जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात, आणि डोक्यावर एक बारीक ठिपका दिसला तर जेआयएस समजायचा. आपला नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण तळापर्यंत बसत नाही, फिरवला की वर उचलतो आणि कडा खातो. निम्मे स्क्रू याच्यामुळेच घासतात असं माझं ठाम मत आहे. जेआयएसचा २ नंबर ऑनलाइन मिळतो, एकदा घ्याच. तो नसेल तर जुन्या २ नंबर फिलिप्सचं टोक किंचित घासून बोथट करा म्हणजे जरा खोल बसतो.

कार्बोरेटर गाडीवरून काढा, पेट्रोल पूर्ण रिकामं करा, काम मोकळ्या हवेत करा आणि जवळपास विडी-काडी नको. मग तो उलटा ठेवा, म्हणजे वाटीच्या स्क्रूंची डोकी वर येतात आणि डब्ल्यूडी-४० सारखं तेल दांड्यावरून खाली आट्यांकडे उतरतं. फुलीतली माती सुईने उकरून काढा, तेल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी लाकडाच्या ठोकळ्यावर धरून, पेचकस फुलीत ठेवून वर हातोडीने हलके टक टक करा, भुकटी फुटते. पहिल्यांदा उलटा नाही तर जरासा आवळायच्या बाजूने हलवा, कर्र आवाज आला की समजा सुटला, मग अंगठ्याने वरून दाबून ठेवत सोडवा.

तरी नाही हलला तर उकळतं पाणी फक्त स्क्रूच्या आजूबाजूला ओता. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, तेवढ्यात आटे ढिले पडतात. गॅसची ज्योत मात्र अजिबात नको, आत पेट्रोलची वाफ असते आणि जस्ताचा मिश्रधातू ४०० अंशाच्या आतच वितळतो.

फुली आधीच घासली असेल तर पेचकसाच्या टोकाला थोडी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट) लावा, किरकोळ घासलेला स्क्रू तेवढ्यावरही निघतो. पण वाटीचे स्क्रू डोक्याने वर आलेले असतात, त्यामुळे ग्रिप प्लायरने डोकं बाजूने घट्ट पकडून फिरवणं हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग. जागा नसेल तर हॅकसॉ ब्लेडने डोक्यावर आडवी खाच पाडा आणि चपटा पेचकस लावा, फक्त खाच पाडताना ब्लेड वाटीला लागू देऊ नका.

शेवटचा उपाय ड्रिल. मधोमध पंच मारून आधी ३ मिमी, मग स्क्रू ४ मिमीचा असेल तर ४ मिमीचं बिट लावा, डोकं सुटून पडतं आणि वाटी निघते. मग वर उरलेला दांडा, त्याच्यावर आता ताण नसल्यामुळे, प्लायरने बऱ्याचदा सहज फिरतो. ईझी-आउट, म्हणजे तुटका स्क्रू काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, एवढ्या बारीक स्क्रूत घालू नका, तो आत तुटला तर कडक पोलाद असल्यामुळे साध्या ड्रिलने निघत नाही.

आणि एक, आतल्या थ्रॉटलच्या पाकळीचे दोन बारीक स्क्रू मागून ठोकून फुगवलेले असतात, सुटून इंजिनात जाऊ नयेत म्हणून. ते जाम झालेले नाहीत, त्यांना हात लावू नका.

नवे स्क्रू ॲलनवाले (सहा कोनी खाचेचे) घ्या, पण लांबी जुन्याशी ताडून बघा, कारण लांब पडला तर भोकाचा तळ फोडतो. आट्यांना पुसटशी अँटी-सीझ (स्क्रू जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, समोरासमोरचे आलटून पालटून दोन बोटांच्या जोरानेच आवळा. कार्बोरेटर परत बसवून पेट्रोलचा कॉक चालू करून पाच मिनिटांनी वाटीच्या कडेने बोट फिरवा, ओलं लागलं तर स्क्रू आणखी पिळू नका, वाटीच्या कडेची रबरी ओ-रिंग बदला.