जुन्या मिनीकॉम्प्युटरवरचा न्यूजरीडर: पुन्हा कंपाइल करण्याआधी या चुका टाळा

जुळे सोलापुरातल्या माझ्या घरात, जिन्याखालच्या अरुंद खोलीत एक जुने टर्मिनल आहे आणि त्याला रास्पबेरी पाय हा छोटा आधुनिक संगणक जोडलेला आहे. त्यावर सिमएच या सिम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, आधाराने व्हॅक्स आणि पीडीपी-११ हे दोन जुने संगणक चालतात. व्हॅक्सवर कधी ४.३ बीएसडी तर कधी व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, पीडीपी-११वर २.११ बीएसडी असते आणि दोन्हींवर न्यूजरीडर या प्रोग्रामने युजनेट (विषयवार ग्रुपांत लेख टाकून चर्चा करण्याची जुनी व्यवस्था) वाचले जाते. गुगलने २२ फेब्रुवारी २०२४पासून आपल्या ग्रुप्समधून युजनेटचा मजकूर घेणे-देणे बंद केले, त्यानंतर या जुन्या वाटेने वाचू पाहणारे काही विद्यार्थी आणि माझ्यासारखे काही निवृत्त लोक माझ्याकडे अडचणी घेऊन येऊ लागले. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, की न्यूजरीडर बिघडला आहे, सोर्समध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडमध्ये, नेमके कुठे बदल करू? माझा अनुभव असा, की बिघाड बहुधा सोर्समध्ये नसतो. तो सर्व्हरशी होणाऱ्या संभाषणात, वाचनाची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, घड्याळात किंवा टर्मिनलमध्ये असतो, आणि चालता प्रोग्राम उगाच उकलून ठेवला की एका दोषाचे दोन दोष होतात.

सर्व्हरशी आधी स्वतः बोलून पाहा

न्यूजरीडर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसे बोलायचे ते ठरवणारा एनएनटीपी हा प्रोटोकॉल ब्रायन कँटर आणि फिल लॅप्स्ली यांनी आरएफसी ९७७ या इंटरनेटच्या नियमपत्रात फेब्रुवारी १९८६मध्ये मांडला. त्यातल्या सगळ्या आज्ञा साध्या अक्षरांतल्या असल्यामुळे टेलनेट या थेट जोडणीच्या प्रोग्रामने सर्व्हरच्या ११९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, जाऊन माणसाला त्या हाताने टाइप करता येतात. सर्व्हरने स्वागताला २०० हा आकडा दिला तर वाचता आणि लिहिता येते, २०१ दिला तर फक्त वाचता येते. हा एक आकडा न पाहिल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने दोन रात्री पोस्ट करण्याचा कोड तपासण्यात घालवल्या. सर्व्हर पहिल्याच ओळीत त्याला नाही म्हणत होता.

पुढची अडचण ४८० या आकड्याची आहे. त्याचा अर्थ आधी ओळख पटवा असा होतो, आणि आजचे बहुतेक मोफत सर्व्हर नोंदणी केलेल्या सभासदालाच आत घेतात. लॅरी वॉल यांचा आरएन हा न्यूजरीडर १९८४ सालचा आहे, म्हणजे तो या प्रोटोकॉलच्याही आधी लिहिला गेला आणि नेटवर्कवरून वाचण्याची सोय त्यात नंतर बसवली गेली. नाव आणि परवलीचा शब्द देण्याची रीत त्याहून नंतरची असल्यामुळे त्या काळातला एखादा न्यूजरीडर ४८० आल्यावर ‘असा ग्रुप नाही’ असे सांगून मोकळा होतो. खरोखर ग्रुप नसेल तर सर्व्हर ४११ देतो. हे दोन आकडे हाताने पाहिल्याशिवाय ग्रुपच्या यादीत हात घालू नये. सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर नावाऐवजी त्याचा अंकी पत्ता देऊन पाहावा, कारण जुनी प्रणाली पुष्कळदा आपल्या होस्ट फाइलमधली, म्हणजे तिच्यात लिहून ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीतलीच, नावे ओळखते.

वाचलेल्या लेखांची नोंद दुसऱ्या सर्व्हरवर नेऊ नका

सर्वांत जास्त लोक जिथे फसतात ती फाइल न्यूजआरसी आहे. तिच्यात प्रत्येक ग्रुपपुढे कोणत्या क्रमांकांचे लेख वाचून झाले त्याची नोंद असते, आणि ग्रुपच्या नावामागे उद्गारचिन्ह असेल तर त्या ग्रुपचे सभासदत्व सोडलेले असते. फाइल साधी दिसते म्हणून माणूस सर्व्हर बदलताना ती जशीच्या तशी बरोबर नेतो. मात्र हे क्रमांक लेखाचे नसून त्या विशिष्ट सर्व्हरने लेख ज्या क्रमाने आले त्या क्रमाने दिलेले असतात. एकच लेख एका सर्व्हरवर १२,४०० क्रमांकाचा असेल तर दुसऱ्यावर तो ३,१०० क्रमांकाचा असू शकतो. सर्व सर्व्हरांवर सारखी असते ती फक्त लेखाची मेसेज-आयडी, म्हणजे त्या लेखाची स्वतःची ओळखखूण.

आपल्याकडे चादरीच्या जेकॉर्ड मागावर पंचकार्डांची माळ चालते. एका नक्षीची माळ दुसऱ्या नक्षीसाठी लावलेल्या मागावर चढवली तरी माग थांबत नाही, कापड विणतच राहतो आणि फूल मात्र भलतेच उमटते. न्यूजआरसीचे अगदी तसेच होते. नव्या सर्व्हरचे क्रमांक आपल्या नोंदीच्या फार पुढे असतील, तर सगळेच लेख न वाचलेले दिसतात आणि गोष्ट निदान लक्षात तरी येते. नव्या सर्व्हरचा शेवटचा क्रमांक आपल्या नोंदीपेक्षा लहान असेल, तर आरएन कोणीतरी ग्रुपचे क्रमांक नव्याने सुरू केल्याचे सांगून काहीच वाचले नाही असे धरतो, आणि तेही ठीक आहे. धोका मधल्या परिस्थितीत आहे. नवा शेवटचा क्रमांक आपल्या नोंदीच्या जरासाच पुढे असला, तर कधीही न पाहिलेले शेकडो लेख वाचलेले म्हणून गाळले जातात, काहीही संदेश येत नाही, आणि माणूस समजतो की ग्रुप थंडावला आहे. सर्व्हर बदलताना ग्रुपांची नावे ठेवावीत, त्यांच्यापुढचे आकडे पुसून टाकावेत, आणि पहिल्या वाचनातच सगळे वाचल्याची खूण करून पुढे जावे.

न्यूजरीडर चालू असताना ही फाइल एडिटरमध्ये उघडण्याची चूकही नेहमीची आहे. प्रोग्रामने ती सुरुवातीलाच मेमरीत घेतलेली असते आणि बाहेर पडताना तो पुन्हा लिहितो, त्यामुळे तुमचे बदल पुसले जातात. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ती लिहिता लिहिता गेली तर फाइल अर्धवट राहते, आणि अशा वेळी आरएन आधीची प्रत ओल्डन्यूजआरसी या नावाने ठेवत असतो हे लक्षात ठेवावे. घाबरून नवी रिकामी फाइल बनवण्याआधी ती प्रत पाहावी.

व्हीएमएसवर याची एक वेगळीच गंमत आहे. तिथे फाइल पुन्हा लिहिली की जुनी पुसली जात नाही, नवी आवृत्ती तयार होते आणि नावापुढचा आकडा एकाने वाढतो. रोज चारदा न्यूजरीडर उघडणाऱ्याच्या डिरेक्टरीत वर्षभरात चौदाशेहून अधिक प्रती साचतात, आणि मग डिस्कचा कोटा संपल्याची तक्रार न्यूजरीडर उघडतानाच येते. जुन्या आवृत्त्या पुसणारी पर्ज ही आज्ञा लॉगिनच्या कमांड फाइलमध्ये घातली की जागेचे काम होते. पण पर्जने आकडा मागे येत नाही, आणि आवृत्तीचा आकडा ३२,७६७च्या पुढे जातच नाही, त्यामुळे फार जुन्या डिस्कवर कधीतरी फाइलचे नाव बदलून आकडा पुन्हा एकपासून सुरू करावा लागतो.

घड्याळ आणि आपला अर्धा तास

पोस्ट ४४१ हा नकाराचा आकडा घेऊन परत आली की लोक मजकुरात दोष शोधतात. आधी तारीख पाहावी. फार जुनी किंवा भविष्यातली तारीख असलेला लेख सर्व्हर नाकारतो, आणि जुन्या मशीनला साल कळण्याची सोय फार तोकडी असते. व्हॅक्समधले दिवसाचे घड्याळ हा दहा मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढणारा बत्तीस बिटांचा आकडा आहे, तो सुमारे ४९७ दिवसांत भरतो, आणि साल ठरवण्यासाठी प्रणालीला डिस्कवरच्या जुन्या नोंदीचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे कित्येक वर्षे पडून असलेली डिस्क इमेज सुरू केल्यावर तारीख तपासण्याचा इशारा पडद्यावर आला, तर तो वाचून पुढे जाऊ नये, तारीख तिथेच दुरुस्त करावी. कॅलेंडरच्या वर्षातून १९०० वजा करून ठेवणाऱ्या आणि त्याच्यापुढे सरळ ‘१९’ छापणाऱ्या प्रोग्रामात २००० साली ‘१९१००’ असे वर्ष दिसू लागले होते, आणि तसे प्रोग्राम अजूनही सापडतात. हा मात्र खरोखर सोर्समधला दोष आहे आणि तो एका ओळीत सुधारतो.

भारतीय वाचकाची खास अडचण वेळेच्या पट्ट्याची आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी (आयएसटी) आपली प्रमाणवेळ लिहिली, तर तीच तीन अक्षरे इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात, आणि त्या काळच्या नियमांनी ती मान्यच केलेली नव्हती. शिवाय अर्ध्या तासाचा फरक असू शकतो ही गोष्ट अनेक जुन्या प्रोग्रामांच्या ध्यानीमनी नव्हती. लेखाच्या तारखेत ग्रिनिचची वेळच लिहावी, स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवावी.

फाइल आणताना

व्हीएमएसवर सोर्सची टार फाइल (अनेक फाइलींचे एक गाठोडे) एफटीपी या फाइल आणण्याच्या प्रोग्रामने मजकूर म्हणून आणली की ती उघडत नाही, आणि मजकूर बायनरी म्हणून आणला की ओळी एकमेकींना चिकटतात, कारण तिथे फाइलमधल्या नोंदींचा प्रकार फाइलबरोबरच साठवलेला असतो. पूर्ण डिरेक्टरी यादीत तो प्रकार दिसतो, आणि फाइलचे गुणधर्म बदलण्याच्या आज्ञेने पुष्कळदा ती पुन्हा न आणता दुरुस्त होते.

मराठी लेख वाचताना टर्मिनल का गोंधळते

यावर मी स्वतः बराच काळ चुकलो, म्हणून थोडे थांबतो. मराठी लेख उघडला की पडद्यावर उलट्या अवतरणचिन्हांची आणि डॉलरची रांग लागते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या आजच्या पद्धतीत आपले प्रत्येक अक्षर तीन बाइटांचे असते, सोळाच्या अंकपद्धतीत लिहिले तर त्यातला पहिला बाइट ई० आणि दुसरा ए४ किंवा ए५ असतो. वाटेत कोणी आठवा बिट कापला की ई०चे उलटे अवतरणचिन्ह होते आणि ए४चा डॉलर. ४.३ बीएसडीवर टर्मिनलला आठही बिट जाऊ द्यायला सांगावे लागते आणि सी-शेल हा आज्ञा घेणारा प्रोग्राम तर आठवा बिट स्वतःच्या कामासाठी वापरतो, हे कळले की लोक सगळीकडे आठ बिट मोकळे करतात आणि गोष्ट आणखी बिघडते. व्हीटी २२० जातीच्या टर्मिनलला ८०पासून ९एफपर्यंतचे बाइट नियंत्रणाच्या आज्ञा वाटतात. ‘छ’ या अक्षराचा तिसरा बाइट नेमका ९बी आहे, आणि ९बी म्हणजे पुढे येणाऱ्या आज्ञेची सुरुवात. त्यामुळे ‘छान’ लिहिले की कर्सर भलतीकडे जातो किंवा पुढची अक्षरे गडप होतात. आठवा बिट कापला तरी ९बीचा १बी होतो, म्हणजे एस्केप, आणि संकट तेच राहते. जुन्या टर्मिनलवर देवनागरी कोणत्याही सेटिंगने येणार नाही. ती आधुनिक टर्मिनल खिडकीतून व्हॅक्समध्ये शिरूनच वाचावी, किंवा मजकूर व्हॅक्सपर्यंत पोहोचण्याआधीच लिप्यंतर करून घ्यावा.

भर घालताना जुन्या प्रोग्रामवर किती भार टाकावा

न्यूजरीडरमध्ये नवी सोय हवी असेल, तर ती त्याच्या आत घालावी की बाहेर, हा पहिला निर्णय आहे, आणि माझे मत बहुतेक वेळा बाहेर असेच असते. ५६३ पोर्टवरचे सुरक्षित जोडणीचे गणित पीडीपी-११वर बसवण्याचा हट्ट करू नये. त्याऐवजी शेजारच्या रास्पबेरी पायवर एसटनेल चालवावा, तो बाहेर सुरक्षित बोलेल आणि आत व्हॅक्सशी साध्या अक्षरांत बोलेल. त्याच पायवर लीफनोड हा छोटा स्थानिक सर्व्हर ठेवला, तर परवलीचा शब्द तो सांभाळतो आणि सर्व्हरने दिलेल्या क्रमांकांचा प्रश्नही कायमचा सुटतो, कारण बाहेरचा सर्व्हर बदलला तरी न्यूजआरसीपुढचा सर्व्हर तोच राहतो.

आत घालण्यासारखी एक सोय मात्र आहे, सर्व्हरला द्यायची एक्सओव्हर ही आज्ञा. जुना न्यूजरीडर प्रत्येक लेखाचे मथळे स्वतंत्र मागतो. एका फेरीला २०० मिलिसेकंद धरले तरी ५०० लेखांना १०० सेकंद लागतात, आणि एक्सओव्हर तेच सगळे एका उत्तरात देतो. विषय, लेखक, तारीख, मेसेज-आयडी, आधीच्या लेखांचे संदर्भ, बाइट आणि ओळी अशी त्याचे रकाने टॅबने वेगळे केलेले असतात आणि एखादा रकाना रिकामा असू शकतो. सलग टॅब एक समजणारे सी भाषेतले नेहमीचे तुकडे करणारे फंक्शन इथे चुकते. दुसरे म्हणजे आज्ञेची ओळ ५१२ बाइटांपेक्षा मोठी नसते, त्यावरून जुन्या कोडमध्ये उत्तरासाठीही ५१२ बाइटांचाच बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, राखलेला असतो. लांबलेल्या चर्चेतल्या संदर्भांची ओळ हा बफर सहज फोडते, आणि मग प्रोग्राम त्याच ग्रुपवर, त्याच लेखाशी, दर वेळी कोसळतो. तिसरे म्हणजे उत्तराचा शेवट एकट्या टिंबाच्या ओळीने होतो. पहिले अक्षर टिंब दिसताच थांबणारा कोड मजकुरातली टिंबाने सुरू होणारी ओळ आली की अर्ध्यातच लेख संपवतो. अशा ओळीपुढे सर्व्हर एक जादा टिंब लावतो, ते काढून पुढे वाचायचे असते.

पीडीपी-११वर याखेरीज दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. तिथे इंट हा सी भाषेतला पूर्णांकाचा प्रकार सोळा बिटांचा असल्यामुळे ३२,७६७च्या पुढचा लेखक्रमांक ऋण होतो, म्हणून क्रमांक लाँग या मोठ्या प्रकारातच ठेवावा, आणि तुम्ही नव्याने लिहिलेल्या प्रत्येक ओळीत हे तपासावे. शिवाय आरएन ग्रुपमधल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतच्या प्रत्येक क्रमांकासाठी एक बिट राखतो. चार लाख क्रमांकांची कक्षा असलेल्या ग्रुपला ५०,००० बाइट लागतात, आणि डेटासाठी एकूण ६४ केबीच मिळतात. असा ग्रुप पीडीपी-११वर उघडण्याऐवजी मी तो लीफनोडकडून थोडाथोडाच मागवतो.