लॅपटॉपवर फोटो दिसतो, अपलोड केला की गायब?

वेब डिझाइनच्या ऑनलाइन कोर्सची असाइनमेंट आपल्या लॅपटॉपवर एकदम झकास दिसते आणि सर्व्हरवर टाकली की फोटो गायब, कधीकधी सीएसएस (पेजचे रंग-मांडणी ठरवणारी फाइल) पण लागत नाही. माझे दोन तास कोड तपासण्यात गेले आणि कोड बरोबरच होता! घोळ फाइलच्या नावात. विंडोजला कॅपिटल-स्मॉल सारखंच, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे ती दोन वेगळी नावं.

१. सगळ्या फाइल-फोल्डरची नावं स्मॉल अक्षरांत करा, स्पेसच्या जागी हायफन टाका. एक्स्टेंशन (नावाच्या शेवटचं .jpg वगैरे) पण बघा हं, कॅमेऱ्यातल्या फोटोंचं बऱ्याचदा कॅपिटलमध्ये असतं, मी तिथेच फसलो. मग कोडमध्येही अगदी तेच नाव.

२. पाथमध्ये (कोडमध्ये लिहिलेल्या फाइलच्या पत्त्यात) सी ड्राइव्ह वगैरे आलं असेल तर उडवा, उलटा स्लॅश (\) पण नको, साधा (/) टाका.

३. अपलोड झालं की ब्राउझरमध्ये पेज उघडून एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडून पेज रिफ्रेश करा. जिथे ४०४ दिसेल ती फाइल सापडत नाहीये.

एकच गोष्ट, गिट (फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर जपून, नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलेलं विंडोजवर त्याला बऱ्याचदा कळतच नाही, म्हणून आधी भलतंच नाव देऊन कमिट करा (म्हणजे तो बदल गिटमध्ये नोंदवा) आणि मग हवं ते द्या.