कर्नल अपग्रेडनंतर दुसरा मॉनिटर गायब? या चुका टाळा

उबुंटू किंवा लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमवर दोन मॉनिटर लावून काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी अशी एखादी सकाळ पाहिलेली असते. रात्री अपडेट झाले, त्यात नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला, मशीन बंद केलं. सकाळी सुरू करावं तर एकाच मॉनिटरवर चित्र, तेही १०२४ बाय ७६८ मध्ये ताणलेलं, आणि दुसऱ्यावर 'नो सिग्नल'. मी भाषांतराचं काम करतो. डाव्या पडद्यावर मूळ मजकूर, उजव्यावर मराठी. त्यातला एक पडदा गेला की काम अर्ध्यावर येतं, आणि त्या घाईत माणूस चुका करत जातो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे थेट फॉरमॅट मारून नव्याने इन्स्टॉल करणं. मी ती केलेली आहे. अख्खा रविवार गेला, दोन्ही पडदे परत आले, आणि काही आठवड्यांनी पुढचा कर्नल आला तेव्हा तोच मॉनिटर पुन्हा काळा. कारण समजून न घेता केलेली दुरुस्ती तेवढीच टिकली.

कारण असं आहे. इंटेल आणि एएमडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र आणणारं सॉफ्टवेअर) कर्नलच्या आतच असतात, कर्नल बदलला की तेही बदलतात. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर मात्र बाहेरून येतो आणि प्रत्येक कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा तुकडा) वेगळं लागतं. हे मॉड्यूल बऱ्याच मशीनवर डीकेएमएस नावाची यंत्रणा बांधते. त्यासाठी तिला त्याच कर्नलचे हेडर्स, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फाइल, लागतात. हेडर्स नसले की मॉड्यूल बांधलं जात नाही, तरी नवा कर्नल सुरू होतो आणि कामचलाऊ ड्रायव्हरवर एखाद्याच पडद्यावर चित्र येतं. मॉनिटरमध्ये बिघाड नसतोच.

म्हणून पहिलं काम एकच: जुन्या कर्नलने मशीन सुरू करून बघा. सुरू होताना यूईएफआय असलेल्या नव्या मशीनवर एस्केप, जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट दाबलं की ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा, मेनू येतो. एस्केप एकदाच दाबा. सारखं दाबत राहिलात तर ग्रबच्या कमांडलाइनवर जाऊन पडाल. मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये आधीचा कर्नल असतो. त्यावर दोन्ही पडदे लागले, तर केबल, पोर्ट, मॉनिटर सगळे ठीक आहेत आणि शोध ड्रायव्हरपुरता उरला. नाही लागले, तर कर्नलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पाच मिनिटांच्या या तपासणीने दिवस वाचतो.

ड्रायव्हरचंच प्रकरण निघालं तर नव्या कर्नलमध्ये परत येऊन टर्मिनलवर 'डीकेएमएस स्टेटस' बघा. चालू कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल, तर हेडर्स टाका. इथेही एक चूक सर्रास होते: लोक नेमक्या त्या आवृत्तीचे हेडर्स टाकतात, त्यामुळे पुढच्या कर्नलला तोच घोळ. उबुंटूवर 'लिनक्स-जेनेरिक' हे मेटापॅकेज (इतर पॅकेजेस सोबत ओढून आणणारं पॅकेज) ठेवा, ते दर वेळी कर्नल आणि हेडर्स दोन्ही सोबत आणतं.

मॉड्यूल बांधलंय, तरी लोड होत नाही? मग सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) तपासा. ते चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. त्यावर बरेच जण न वाचता 'कंटिन्यू' दाबतात. तिथे 'एन्रोल मॉक' (सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ते राहिलं की ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल म्हणून कर्नल ते नाकारतो.

जुन्या कार्डवाल्यांनी जास्त जपावं. जीटी ७१० सारखी केपलर पिढीची कार्डं आपल्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये अजून दिसतात. त्यांच्यासाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, त्याआधीच्या फर्मी पिढीसाठी ३९०. त्यापुढचा नंबर टाकून ती चालणार नाहीत. आणि कर्नल जितका नवा, तितकं हे जुनं मॉड्यूल बांधताना अडण्याची शक्यता अधिक. अशा मशीनवर एलटीएसचा (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीचा) मूळ कर्नल धरून राहावं असं माझं ठाम मत आहे, उबुंटू २४.०४ साठी तो ६.८ आहे. 'एचडब्ल्यूई' नावाची पॅकेजेस ठेवलीत तर वरचे कर्नल येत राहतात. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली 'डॉट रन' फाइलही टाळा. उबुंटू-मिंटच्या स्वतःच्या पॅकेजवर ती चढवली की दोन ड्रायव्हरांचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि निस्तरायला फार त्रास होतो.

'नोमोडसेट' या बूटच्या वेळी कर्नलला द्यायच्या पर्यायाबद्दल कळकळीने सांगतो. पडदा पूर्ण काळा असेल तेव्हा एका बूटपुरता तो उपयोगी आहे. पण तो ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा लिहून ठेवला, तर कर्नलला मॉनिटर ओळखून मोड ठरवताच येत नाही, आणि दुसरा पडदा त्यामुळेच लागत नाही. आधी केलेला उपायच आता रोग होऊन बसलेला असतो. ओळ काढा, 'अपडेट-ग्रब' चालवा, रीस्टार्ट करा.

ड्रायव्हर बदलला की पोर्टची नावंही बदलतात. एक्सऑर्गवर (पडद्यावर चित्र मांडणारी जुनी यंत्रणा) एनव्हिडियाचा ड्रायव्हर 'एचडीएमआय-०' म्हणतो, कर्नलमधला खुला ड्रायव्हर 'एचडीएमआय-१'. स्टार्टअपला एक्सरँडरची (पडदे मांडायच्या कमांडची) जुनी स्क्रिप्ट असेल तर ती नसलेल्या पोर्टला हाका मारत बसते. जुनी 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' आणि होम फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फिग' मधली 'मॉनिटर्स डॉट एक्सएमएल', दोन्हींची नावं बदलून बाजूला ठेवा.

अपडेट चालू असताना वीज गेली असेल, तर पॅकेज बसवणाऱ्या 'डीपीकेजी' ला अर्धवट राहिलेलं कॉन्फिगरेशन पूर्ण करायला सांगा. कर्नल जिथे साठवले जातात त्या '/बूट' चं वेगळं पार्टिशन असेल तर त्यात जागा आहे का तेही बघा.

आणि जुन्या कर्नलवरही दुसरा पडदा लागत नसेल, तर मशीनच्या मागे वाका. एक केबल कार्डला आणि दुसरी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. वेगळं कार्ड बसवलं की पुष्कळ मदरबोर्ड स्वतःचं ग्राफिक्स बंद करतात; ते बायॉसमध्ये चालू करावं लागतं. नाहीतर दोन्ही केबल कार्डलाच लावा. मध्ये स्वस्त एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर असेल तर तो काढून बघा. मॉनिटरची ओळख सांगणारी ईडीआयडी माहिती तिथे अडकते, आणि मग चांगला फुल एचडी मॉनिटरही १०२४ बाय ७६८ वर येऊन बसतो.