खोली ज्याची, नाव त्याचं: कोकण-गोवा सहलीआधी हॉटेलची तयारी

ही यादी मोठ्या कुटुंबासाठी आहे. दोन-तीन भावंडांची बिऱ्हाडं, एखादी आत्या, आजी-आजोबा, मिळून चार-पाच खोल्या. आधी गुहागरला व्याडेश्वर, वाटेत वेळणेश्वर, मग गोव्याला चार रात्री निवांत. गेल्या खेपेला आमच्या सगळ्या खोल्या एका अ‍ॅपवरून, एकाच नावावर निघाल्या. कूपन लागलं म्हणून घरभर आनंद. त्या हॉटेल साखळीचे, म्हणजे एकाच कंपनीच्या ठिकठिकाणच्या हॉटेलांचे, मेंबर घरात तिघं होते. मेंबरच्या खात्यात राहिलेल्या रात्री आणि बक्षिसाचे पॉइंट साठतात, पुढे त्यावर सवलती मिळतात. तिघांच्याही खात्यात एक रात्रसुद्धा जमा झाली नाही, आणि काउंटरवर कुणाची मेंबरशिप कुणी विचारलीही नाही. म्हणून पहिलं कलम हेच, आणि पुढे मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे: खोली ज्याची, बुकिंग त्याच्या नावावर, आणि बुकिंगमध्ये मेंबर नंबर त्याचाच.

आता क्रमाने. आधी कुठे काय मिळतं ते बघा. मोठ्या साखळ्या कोकणात सगळीकडे नाहीत. अलिबागला रॅडिसन ब्लू आहे. तिथून खाली उतरलात की श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मालवण या पट्ट्यात मुख्यतः घरगुती निवास, स्थानिक रिसॉर्ट आणि पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथल्या महामंडळाच्या जागा समुद्राला इतक्या लागून आहेत की तशी जागा साखळ्यांनाही मिळालेली नाही. तिथे पॉइंटांच्या मागे लागू नका. महामंडळाच्या साइटवरून थेट बुकिंग करा आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी किंवा सरकारी नोकरदारांसाठी सध्या काही सवलत आहे का, ते फोन करून विचारा. घरगुती निवासाला फोन कराल तेव्हा एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: सांगितलेला दर खोलीचा की माणशी, आणि त्यात जेवण धरलंय का. “माणशी, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता धरून” आणि “खोलीचे, जेवण वेगळं” या दोन उत्तरांत आठ माणसांमागे बराच पैसा इकडचा तिकडे होतो. मासे खाणारे किती आणि न खाणारे किती, तेही तेव्हाच सांगा.

साखळ्यांचा खरा पसारा गोव्यात. मिरामारला मॅरियट, बांबोळीला ग्रँड हयात, शिकेरीला ताज फोर्ट आग्वाद, बाणावलीला ताज एक्झॉटिका, कांदोळीला नोव्होटेल. मेंबरशिपचं जे काही पदरात पाडून घ्यायचं ते इथे.

साखळी एकच धरा. पायरी म्हणजे मेंबरचा दर्जा, रात्री वाढल्या की तो वर चढतो आणि सवलती वाढतात. मॅरियटची पहिली पायरी वर्षाला १० रात्रींनी मिळते, दुसरी २५, तिसरी ५०. हयातमध्ये १०, ३० आणि ६०. आयएचजीमध्ये (हॉलिडे इन वगैरे हॉटेलांची साखळी) १०, २० आणि ४०. नुसत्या घरच्या सहलींनी वरच्या पायऱ्या गाठता येत नाहीत, त्यामुळे घरात नोकरीनिमित्त फिरतीवर कोण असतं आणि त्याचा मुक्काम कोणत्या साखळीत पडतो, ते आधी विचारा. ज्या साखळीत एकाच्या वीस रात्री आधीच झाल्यात, तिथेच गोव्याच्या चार घाला. दर वेळी जिथे दोनशे रुपये स्वस्त तिथे जाणाऱ्यांच्या हाती शेवटी कुठलीच पायरी लागत नाही.

मेंबरशिप फुकट असते, तेव्हा बुकिंगच्या आधी प्रत्येक खोलीतल्या निदान एका माणसाने खातं उघडायचं. नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. आपल्याकडे घोळ इथेच होतो. खात्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे नाहीच. काउंटरवरचा मुलगा दोन वेगळी माणसं समजतो आणि नंबर जोडत नाही.

आता मुख्य गोष्ट, सावकाश वाचा. मॅरियटचा नियम असा की एका मेंबरने स्वतः एका खोलीत राहून पैसे भरले तर जास्तीत जास्त तीन खोल्यांचे पॉइंट त्याला मिळतात, पण पायरीसाठी रात्री मोजल्या जातात त्या एकाच खोलीच्या. म्हणजे पाच खोल्या चार रात्री एकाच्या नावावर घेतल्या तर वीस रात्रींचं भाडं भरूनही खात्यात चारच. चौथ्या-पाचव्या खोलीचे पॉइंटही नाहीत. त्याच पाच खोल्या पाच जणांनी आपापल्या नावावर घेतल्या तर प्रत्येकाच्या खात्यात चार रात्री. खर्च तेवढाच. इतर साखळ्यांचे आकडे वेगळे असतील, पण एकाच नावावर सगळं घेऊन सहसा फायदा होत नाही. बिल भरणारं कार्डही शक्यतो ज्याचं त्याचं. मुलाला आई-बाबांचे पैसे भरायचे असतील तर घरी आल्यावर त्यांना पाठवावेत, काउंटरवर “सगळं माझ्या कार्डावर टाका” म्हणू नये. लग्नाच्या वऱ्हाडासारख्या दहा आणि त्याहून जास्त खोल्या लागणार असतील तर ते गटाचं बुकिंग, त्याचे नियम निराळे, ते हॉटेलशी वेगळं बोलून घ्या.

दुसरी बाजू अ‍ॅपची. प्रवासाच्या अ‍ॅपवरून किंवा एजंटामार्फत केलेल्या बुकिंगवर मोठ्या साखळ्या सहसा पॉइंट देत नाहीत, रात्री मोजत नाहीत, आणि तुमच्या पायरीच्या सवलती द्यायला त्या बांधील नसतात. अ‍ॅप दर बघण्यापुरतं उघडा. बुकिंग साखळीच्या साइटवर, स्वतःच्या खात्यात शिरून. न शिरता केलंत तर नंबर बुकिंगमध्ये जात नाही. मग तो तुमच्या फोनमध्ये असून काय उपयोग?

दर बघताना सारख्याशी सारखं लावा. अ‍ॅपवर पहिल्यांदा दिसणारा आकडा बहुधा कर सोडून असतो. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एकीकडचा ईपी आणि दुसरीकडचा सीपी शेजारी ठेवून “इथे स्वस्त” म्हणायचं नाही. रद्द करण्याची अटही तीच हवी.

जीएसटीकडे बारकाईने बघा, पैसा खरा तिथे वाचतो. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून एक रुपया जरी वर गेला तरी पूर्ण रकमेवर १८ टक्के. समजा खोली ७,८०० ची आहे. करासह ती पडते ९,२०४ ला. मेंबर दराने ५ टक्के सूट मिळाली की भाडं ७,४१० होतं, आणि करासह रक्कम साधारण ७,७८०. तीनशे नव्वदच्या सुटीने रात्रीमागे चौदाशेहून जास्त वाचले. पाच खोल्या आणि चार रात्रींचा गुणाकार तुम्हीच करा. म्हणून दर ७,५०० च्या आसपास दिसला की थांबा: नाश्ता वगळून बघा, रविवार ते गुरुवार बघा, बागेकडची खोली बघा. मॅरियटच्या काही हॉटेलांत वय ६२ च्या पुढे ज्येष्ठांचा वेगळा दरही असतो. आजी-आजोबांची खोली त्यांच्याच नावावर असेल, तरच त्या दराचा उपयोग. पुन्हा तेच कलम.

साखळीच्या साइटपेक्षा बाहेर कुठे स्वस्त दिसलं तर मॅरियटमध्ये बुकिंग केल्यापासून २४ तासांच्या आत दावा करता येतो. खोली, तारखा, अटी तंतोतंत त्याच असतील आणि दावा मान्य झाला, तर तो कमी दर आणि त्यावर २५ टक्के सूट, किंवा ५,००० पॉइंट. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा.

परत न मिळणाऱ्या पैशांचा दर पावसाळ्यात घेऊ नका. मी हे जीव तोडून सांगते. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. स्टेशनांवर माणसं अडकली, आणि हॉटेलवाल्याचा त्यात दोष नसल्यामुळे त्याने पैसे परत करावेत अशी अपेक्षाही धरता येत नाही. जून ते ऑगस्ट दर उतरलेले असतात आणि हिरवा कोकण बघायला तो काळ सुंदर, पण समुद्रात उतरता येत नाही, मालवणचे जलक्रीडा प्रकार आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. पोरांना ते आधीच सांगा. दिवाळी, नाताळ आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्या या महाग रात्री. ३१ डिसेंबरला बऱ्याच हॉटेलांत रात्रीच्या मेजवानीचे पैसे सक्तीने घेतात, ते दरात दिसत नाहीत, खालच्या बारीक अक्षरात असतात.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. हॉटेल त्याच्याही आधी, रद्द करता येईल अशा दराने धरून ठेवा. तिकिटं हातात आली की दर पुन्हा बघा, उतरला असेल तर नव्याने बुक करून जुनं सोडा. आणि नव्या बुकिंगमध्ये नंबर पुन्हा गेलाय का ते बघा! जुन्यात होता म्हणून नव्यात असेलच असं नाही. मीच केलं तर माझा नंबर, वहिनीची खोली केली तर वहिनीचा, तिच्या खात्यात शिरून.

पॉइंट साठलेले असतील तर ते महाग रात्रींना खर्च करा. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट जातात. ताजच्या खात्यातलं एक न्यूकॉइन (तिथल्या पॉइंटाचं नाव) म्हणजे एक रुपया, त्यात हिशेब नाही. पॉइंट पडून राहिले तर मरतात: मॅरियट आणि हयातमध्ये २४ महिने काहीच हालचाल नसेल तर, आयएचजीत एकही पायरी न गाठलेल्यांचे १२ महिन्यांत.

आठवडा आधी. कन्फर्मेशनचे सगळे मेल उघडा आणि पाहुण्याच्या नावाजवळ मेंबर नंबराची ओळ शोधा. शेवटचे तीन-चार आकडे दिसले तर ठीक. ओळ नसेल किंवा रिकामी असेल तर नंबर गेलेला नाही, मग तुम्हाला कितीही आठवत असो की तो टाकला होता. ही ओळ प्रत्येक मेलमध्ये, प्रत्येक खोलीसाठी बघायची. मग हॉटेलच्याच फ्रंट ऑफिसला फोन करा, कॉल सेंटरला नाही. पाचही बुकिंगचे क्रमांक, नावं आणि मेंबर नंबर एका मेलमध्ये लिहून पाठवा. खोल्या जवळजवळ हव्यात, आजोबांना तळमजला किंवा लिफ्टशेजारची, हेही त्यातच.

उशिरा चेक-आउटचं याच फोनवर विचारा. मडगावहून संध्याकाळच्या कोकणकन्येने परतायचं तर दुपारी बारा ते गाडीच्या वेळेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना घेऊन लॉबीत बसवत नाही. मॅरियटच्या तिसऱ्या पायरीला चार वाजेपर्यंत खोली ठेवता येते, पण रिसॉर्टमध्ये ती हक्काची नाही, खोली मोकळी असेल तरच. आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची बरीचशी हॉटेलं रिसॉर्टच. तेव्हा गृहीत धरू नका, विचारा, आणि किमान पायरीवाल्याची एक खोली तरी ठेवून घ्या. ती खोली त्याच्या नावावर असली पाहिजे, हे आता वेगळं सांगायला नको, तरी सांगितलं.

पोचल्यावर. ओळखपत्रं सगळ्यांची, मूळ. बाकी सामान तुम्हाला कळतं. काउंटरवर एकट्याने पुढे होऊन “आम्ही सगळे एकत्रच” म्हणायचं नाही, कारण ते ऐकलं की समोरचा माणूस सोयीसाठी सगळ्या खोल्या एका नावाखाली ओढतो. प्रत्येक खोलीचा माणूस स्वतः उभा राहील, सहीसाठी पुढे आलेल्या नोंदणी कार्डावर आपलं नाव आणि नंबर वाचेल, मगच सही करेल. आत्याला चष्मा हातात ठेवायला सांगा. नंबर नसेल तर तिथेच घालून घ्या, लगेच होतं.

राहताना जेवण वगैरे ज्याच्या त्याच्या खोलीवर लिहा. बऱ्याच ठिकाणी त्याचेही पॉइंट मिळतात.

चेक-आउट. खोलीगणिक वेगळं बिल, ज्याच्या त्याच्या नावाचं, मेलवर. एकत्र नाही. घाई असेल तरी नाही.

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी खाती उघडून बघा. रात्री आल्या नसतील तर साइटवर नोंदवायच्या राहून गेलेल्या मुक्कामाचा दावा करता येतो, त्याला बिल लागतं, आणि बिलावर नाव मेंबरचंच लागतं.