आठ आठवड्यांत छोटी वेबसाइट: वहीच्या पानापासून लोकांच्या फोनपर्यंत

उच्च माध्यमिकला किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला वेबसाइटचा प्रकल्प मिळाला की बहुतेक गट आधी रंग निवडतात, मग मेन्यू ठरवतात, आणि मजकुराची आठवण शेवटच्या चार दिवसांत होते. हा क्रम उलटा करा. असे प्रकल्प कोडमुळे क्वचित अडतात. विषय फार पसरतो, फोटो उघडत नाहीत, देवनागरीचे तुकडे होतात, तिथे ते अडतात. खालचा आराखडा चार जणांच्या गटासाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतले आहे: खाजन शेतीतली मानस. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठी बांध घालून केलेली गोव्यातली शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधातले पाणी आत-बाहेर सोडणारे दार.

विषय नको, प्रश्न हवा

‘गोव्याची संस्कृती’ ही गोणी आहे, तिच्यात काहीही कोंबता येते. ‘खाजन शेती’ त्यापेक्षा बरे, पण तेही मोठेच. ‘आमच्या गावातली मानस भरती-ओहोटीला कशी चालते आणि तिची देखभाल कोण करते?’ हा प्रश्न मात्र आठ आठवड्यांत सुटतो. कसोटी अशी: उत्तरासाठी कुठे जायचे, कोणाला भेटायचे आणि काय टिपायचे, हे दहा मिनिटांत वहीच्या एका पानावर उतरले पाहिजे. नाही उतरले तर प्रश्न आणखी लहान करा.

मग पाने मोजा. सहा पुरेत: मुखपान, मानस कशी चालते, मुलाखती, नकाशा, शब्दार्थ आणि श्रेयनामावली. प्रत्येक पानासाठी एक कोरा कागद घ्या. वर एका वाक्यात लिहा की हे पान वाचून वाचकाला काय कळेल. खाली चौकोन काढा: इथे फोटो, इथे दोन मिनिटांचा आवाज, इथे १५० शब्द. प्रत्येक चौकोनात ते कोण आणणार आणि कोणत्या तारखेला, हे पेन्सिलीने लिहा. पाचव्या आठवड्यापर्यंत जो चौकोन रिकामा राहील तो निर्दयपणे काढून टाका. ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी लावलेल्या पानाकडे परीक्षक सगळ्यात आधी बोट दाखवतात.

कामाची वाटणी करताना ‘एकटा कोड करील, बाकीचे माहिती गोळा करतील’ असे करू नका. सहाव्या आठवड्यात तो एकटा आजारी पडतो. एकाकडे मजकूर, एकाकडे आवाज आणि चित्रण, एकाकडे बांधणी, एकाकडे परवानग्या आणि तपासणी द्या. शिवाय प्रत्येक कामाला दुसरा माणूस राखीव ठेवा.

आठवड्यांचा हिशेब असा. पहिल्यात प्रश्न आणि कागद. दुसऱ्यात रिकामी वेबसाइट प्रत्यक्ष इंटरनेटवर चढवायची, पानांवर नुसते मथळे असले तरी चालतील. तिसऱ्या-चौथ्यात फिरणे, पाचव्यात काटछाट, सहाव्यात बांधणी, सातव्यात तपासणी. आठवा आठवडा मोकळा ठेवा, तो आपोआप भरतो. मधे चवथ (गणेश चतुर्थी) येत असेल तर तो आठवडा हिशेबात धरूच नका. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून कोणी लॅपटॉप उघडत नाही.

मानशीवर जाण्याआधी

मानशीला लाकडी झडपा असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा त्या मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. झडप हलण्याचा तो क्षण हेच तुमच्या वेबसाइटचे मुख्य चित्र, आणि तो दिवसातून मोजक्या वेळाच येतो. भरती आणि ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे रविवारी सकाळी आठला झडप मिटताना दिसली, तर पुढच्या रविवारी आठला तिथे वेगळेच दृश्य असेल. भरतीचे तक्ते मुरगाव बंदरासाठी मिळतात. नदीतून आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, म्हणून पहिल्या फेरीत कॅमेरा न काढता नुसती वेळ टिपा आणि तक्त्याशी फरक काढा. झडप मिटते ती भरती पुरी चढण्याच्या बरीच आधी, तेव्हा तासभर अगोदर पोहोचा. चोडण किंवा दिवाडी या बेटांवर जायचे असेल तर फेरीबोटीच्या रांगेची वेळ वेगळी धरा.

फोन आडवा धरा आणि एकाच जागी टेकवून तीन मिनिटे सलग चित्रण करा. झडप हलायला लागल्यावर बटण दाबाल तर सुरुवातीचे चित्रण निसटेल. खोलीत ट्यूबलाइटखाली चित्रण करताना पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर शटर सेकंदाचा पन्नासावा भाग करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ६०च्या हिशेबाने लावलेले शटर तिच्याशी जुळत नाही.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. अंधुक चित्र लोक सहन करतात, न कळणारे बोलणे नाही. माइक, किंवा माइक म्हणून वापरलेला दुसरा फोन, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. बांधावर वारा असतो, तेव्हा माइकवर स्पंज चढवा आणि वाऱ्याकडे बोलणाऱ्याची पाठ ठेवा. पत्र्याच्या छपराखाली पावसात मुलाखत घेऊच नका, तो आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. घरात असाल तर पंखा बंद करायची विनंती करा. बोलणे संपल्यावर अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून जागेचा नुसता आवाज घ्या. संपादनात दोन वाक्ये जोडताना तो लागतो.

ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात करा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असेल तर मिनिटाला पावणेसहा एमबी लागतात, म्हणजे ४० मिनिटांना साधारण २३० एमबी. निघण्याआधी फोनमध्ये जागा आहे का ते पाहा. वेबसाइटवर यातले तीन मिनिटच जाणार, तेही ९६ केबीपीएसच्या एमपी३मध्ये, सव्वादोन एमबीपेक्षाही कमी. बोलणे ऐकून लिहून काढायला मात्र वेळ लागतो: दहा मिनिटांच्या बोलण्याला नवख्याला तास धरा.

शेतकरी कोंकणीतून बोलतील. त्यांचे बोलणे मराठीत ‘सुधारून’ घालू नका. बांद, मानस, कोरगुट (खाजनातला भात) हे शब्द जसे उच्चारले तसे लिहा आणि खाली मराठी अर्थ द्या. त्या परिच्छेदाला भाषेचा संकेत कोंकणीचा लावा, बाकी पानाला मराठीचा. स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) आणि ब्राउझरला मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे त्यावरूनच कळते.

देवनागरी कुठे मोडते

गुण जातात ते बहुधा इथे. पहिली अडचण जुन्या फाँटची. डीटीपीवाल्याकडून किंवा जुन्या स्मरणिकेच्या फाइलमधून घेतलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, नसतो. तुमच्या संगणकावर तो मराठी दिसतो, वेबसाइटवर रोमन अक्षरांचा कचरा होतो. असा मजकूर कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर ओळ न् ओळ वाचा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात.

दुसरी गोष्ट पानाच्या डोक्यात: अक्षरसंच यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आहे हे कोडच्या हेड भागात अगदी वर लिहा. ते राहिले तर काही ब्राउझर अंदाज बांधतात, आणि अंदाज चुकला की प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हे येतात. कारण देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचे असते.

तिसरी सजावटीची. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले जादा अंतर) दिलेले असते. देवनागरीला ते लागले की शिरोरेषा तुटते आणि ‘मानस’ची तीन वेगळी अक्षरे होतात. ते शून्य करा. ओळींमधले अंतर इंग्रजीला दीडपट पुरते, आपल्याला १.७ ते १.८ लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. तिरपी अक्षरे टाळा. बहुतेक देवनागरी फाँटमध्ये ती नसतातच, ब्राउझर सरळ अक्षर नुसते कलते करून दाखवतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त हे फाँट मोफत आहेत. मजकुराला एक वजन आणि मथळ्याला एक, एवढेच घ्या.

चौथी फारच थोड्यांच्या लक्षात येते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक नुक्ता असलेल्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. गटातले दोघे वेगवेगळे कीबोर्ड वापरत असतील तर वेबसाइटच्या शोधखिडकीत ‘शेतकऱ्या’ टाकल्यावर अर्धीच पाने सापडतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की ऱ येतो. सगळ्यांनी तोच वापरायचे ठरवा आणि शेवटी एकदा शोधून-बदलून घ्या.

व्हिडिओवर मराठी नावे टाकताना प्रीमियर या संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरे फुटली तर प्राधान्यांच्या ग्राफिक्स विभागात जाऊन टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई करा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

फोटो, फाइली, चढवणे

फोनचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा, तीन-चार एमबीचा असतो. असे २४ फोटो एका पानावर टाकले की ९६ एमबी होतात. एक एमबीपीएस वेग मिळणाऱ्या गावात ते उघडायला जवळजवळ १३ मिनिटे लागतील. रुंदी १६०० पिक्सेल, जेपेगची प्रत ७५ ते ८०, म्हणजे फोटो २०० ते ३०० केबीत बसतो. फोटो लहान करायचे स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्येच चालते. आयफोनचे हेइक फोटो क्रोममध्ये दिसत नाहीत, आधी जेपेग करा. फोटो एकमेकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचे झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते तिथेच पिचकतात. आणि घरात काढलेल्या फोटोमधले जीपीएसचे स्थान पुसून टाका. मुलाखत देणाऱ्याच्या घराचा पत्ता जगाला द्यायचे कारण नाही.

फाइलींची नावे रोमन लहान लिपीत, मधे जागा न सोडता, आडव्या रेघेने जोडून द्या. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच फायनल’ असली नावे बंद. शेवटी तारीख घाला. मूळ फाइली तीन ठिकाणी ठेवा, आणि तिन्हीकडे उघडून पाहिल्याशिवाय फोनमधून पुसू नका.

सहा पानांना गिटहब पेजेस ही वेबसाइट ठेवायची सेवा फुकटात पुरते. एक फाइल १०० एमबीच्या आत आणि सगळी वेबसाइट १ जीबीच्या आत असावी लागते, म्हणून व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून पानात जोडा. ‘माझ्याकडे दिसते, तिथे दिसत नाही’ या तक्रारीची कारणे बहुतेक तीनच. इंडेक्स फाइल (मुखपानाची फाइल) आतल्या फोल्डरात आहे. ती सगळ्यांत वरच्या पातळीवर हवी. फोटोच्या पत्त्यात तुमच्या संगणकाच्या सी ड्राइव्हचा रस्ता लिहिला आहे. किंवा फाइलच्या नावात जेपीजी मोठ्या लिपीत आहे आणि कोडमध्ये लहान. विंडोजला फरक पडत नाही, सर्व्हरला पडतो. रिकामी वेबसाइट दुसऱ्याच आठवड्यात चढवायची ती यासाठी, म्हणजे या चुका सादरीकरणाच्या आदल्या रात्री भेटत नाहीत.

नकाशासाठी लीफलेट (पानात नकाशा दाखवणारा तयार कोड) आणि ओपनस्ट्रीटमॅप (मोफत नकाशा) घ्या, आणि नकाशाच्या कोपऱ्यातली श्रेयाची ओळ लपवू नका, ती अट आहे. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, मग रेखांश; जिओजेसन (नकाशावरच्या जागा साठवायच्या) फाइलीत नेमके उलटे. पणजी साधारण १५.४९ आणि ७३.८३ वर आहे. आकडे उलटे पडले तर तुमची मानस नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन उभी राहते. खूण दिसत नसेल तर नकाशा लहान करून आधी तिथे शोधा.

परवानगी आणि तपासणी

गुगलवर सापडलेला फोटो फुकट नसतो. भारतात १९५७च्या कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, आणि २०१२च्या दुरुस्तीपासून फोटोचाही काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (अटींवर वापरू देणाऱ्या परवान्याचा) फोटो घेतलात तर काढणाऱ्याचे नाव आणि परवान्याचा प्रकार त्याच्या खालीच लिहा. मागे सिनेमाचे गाणे लावू नका. मानशीतल्या पाण्याचा खळखळाट तुमच्याकडे आहे, तो वापरा.

मुलाखतीची संमती कागदावर घ्या, आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाही बोलून घ्या: नाव, तारीख, हे इंटरनेटवर जाणार आहे हे समजले आहे का. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही हवी. देवळात चित्रण करायचे असेल तर देवस्थान समितीला आधी विचारा. गर्भगृहाचे चित्रण बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

तपासणीला प्रकल्पाशी संबंध नसलेली तीन माणसे बोलवा आणि एक स्वस्त अँड्रॉइड फोन त्यांच्या हाती द्या, तोही बाहेर उन्हात. ‘मानस कोण दुरुस्त करते ते शोधा’ एवढेच सांगा आणि गप्प बसा. ती जिथे अडतात तिथे बोट दाखवायचा मोह होतो; दाखवू नका, ती जागा लिहून घ्या. फिकट राखाडी अक्षरे उन्हात दिसत नाहीत हे इथेच कळते. बदल चढवल्यावर जुनेच पान दिसत राहिले तर ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) खिडकीत उघडा, बहुतेक वेळा ब्राउझरने जुनी प्रत साठवलेली असते.

शेवटची फेरी मुलाखत दिलेल्यांकडे काढा. पान त्यांच्या फोनवर उघडून द्या, नाव आणि वाड्याचे नाव बरोबर आहे का ते त्यांच्याकडूनच वाचून घ्या, आणि पूर्ण ध्वनिमुद्रणाची प्रत पेन ड्राइव्हवर त्यांच्या घरी ठेवून या.