ग्रंथालयाची वेबसाइट तपासताय? या चुका टाळा

नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तारीख जवळ आली की कॉलेजात सगळ्यांना ग्रंथालयाची वेबसाइट आठवते. मग गुगल फॉर्म फिरतो, 'वेबसाइट कशी वाटली?' पोरं 'उत्तम'वर टिक करून मोकळी. कित्येकांनी ती उघडलेलीसुद्धा नसते. मत विचारू नका, काम सांगा: 'अमुक विषयावरचं पुस्तक शोध आणि ते आत्ता कपाटात आहे का सांग.' मग शेजारी गप्प बसा.

हे गप्प बसणंच जमत नाही. पहिल्या खेपेला मी दोन मिनिटांत बोलून गेलो, 'अगं, वर डावीकडं बघ ना!' चाचणी तिथंच संपली. ती मुलगी रात्री अक्कलकोटला घरी बसून शोधेल तेव्हा डावी बाजू दाखवायला मी थोडाच असणार?

ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर तपासणं ही दुसरी चूक. बार्शी-मोहोळहून एसटीनं येणारी मुलं मोबाइलवरच बघतात. शिवाय काही ई-जर्नल्स आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) ओळखून कॅम्पसमध्ये आपोआप उघडतात आणि घरी पासवर्ड मागतात. कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स देणाऱ्या एन-लिस्टला तर प्रत्येकाचं वेगळं लॉगिन लागतं. ते कुणाकडून घ्यायचं, हे पानावर लिहिलंय का? आणि 'ओपॅक' (ऑनलाइन कॅटलॉग) या शब्दावर मुलं बोट ठेवत नाहीत. 'पुस्तक शोधा' लिहा.

आता शोधाच्या चौकटीकडं वळू, कारण खरी गोची तिथं आहे. आपण तपासताना कॅटलॉगात जसं आहे तसंच टाइप करतो, म्हणून सगळं सापडतं. इतिहासाचा विद्यार्थी सोलापूरच्या १९३०च्या मार्शल लॉवर (लष्करी कायद्यावर) काम करतोय असं धरा. तो 'सोलापूर' टाकणार. पण इंग्रजांच्या काळातली कागदपत्रं 'शोलापूर'ची. जिल्ह्याचं १८८४चं गॅझेटिअरही त्याच स्पेलिंगनं नोंदलेलं असतं. रोमनमधला एक 'एच' राहिला की निकाल शून्य, आणि पोरगा समजतो पुस्तकच नाही. ज्ञानेश्वरीची तर रोमनमध्ये तीन-तीन रूपं.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये (नावांच्या प्रमाण नोंदीत) ही पर्यायी रूपं भरता येतात. ती शोधात यावीत म्हणून सेटिंगही चालू करावं लागतं आणि पुन्हा इंडेक्सिंगही (शोधाची सूची नव्यानं बनवणं). नुसती रूपं भरून थांबलात तर काहीच बदलणार नाही, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जाईल.

वेबसाइट वापरायला किती सोपी हे मोजणारी एसयूएस प्रश्नावली वापरणार असाल तर गणित सांभाळा. १ ते ५ गुणांच्या दहा प्रश्नांपैकी सम क्रमांकाचे उलटे असतात: विषम प्रश्नाच्या गुणातून १ वजा, सम प्रश्नाचे गुण ५मधून वजा, बेरजेला २.५नं गुणा. आलेला आकडा टक्केवारी नव्हे. साधारण सरासरी ६८ धरतात, त्यामुळं '६० म्हणजे फर्स्ट क्लास' असं अहवालात लिहू नका.

पाच जणांवर चाचणी पुरते हे वेबसाइट-चाचणीचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं म्हणणं बरेच जण ऐकून असतात. पण ते एकसारख्या पाच जणांबद्दल आहे. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी एफवायची मुलगी आणि पीएचडीवाला एका गटात कसे बसतील? दोघांचे वेगवेगळे पाच घ्या. ग्रंथालयाच्या शिपायाला मात्र त्यात बसवू नका, त्याला सगळं पाठ असतं.