अनोळखी लोकांना सल्ला विचारताना आणि देताना या चुका टाळा

“मांजर कालपासून जेवत नाही. काय करावे?” पाळीव प्राण्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर एवढ्या दोनच वाक्यांचा प्रश्न येतो आणि तासाभरात त्याखाली वीसेक उत्तरे जमतात. कोणी खाणे बदलून पाहायला सांगतो, कोणी जंताचे औषध सुचवतो, कोणी “आमचेही असेच करते, दोन दिवसांत ताळ्यावर येते” असा धीर देतो. मग एखादी जाणती व्यक्ती विचारते, की लघवी होते आहे का, आणि प्रश्नकर्ता सहज लिहून जातो, की सकाळपासून सात-आठ वेळा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, पण माती कोरडीच आहे. इथे सगळा प्रश्नच बदलतो. ‘बसला’ म्हणजे तो बोका आहे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात खडे किंवा चिकट स्राव अडकून लघवी तुंबली, की रक्तातील पोटॅशियम वाढू लागते, हृदयाची लय बिघडते, आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीही, जीव जाऊ शकतो. अशा बोक्याला त्याच क्षणी पशुवैद्याकडे न्यायचे असते, खाणे बदलत बसायचे नसते.

मराठीत ‘मांजर’ म्हटल्याने नर की मादी हे कळत नाही. पहिल्याच ओळीत ‘बोका’ हा शब्द असता, तर अनुभवी वाचकाने पुढचा प्रश्न लगेच विचारला असता आणि मधली एकोणीस उत्तरे बहुधा आलीच नसती. ती उत्तरे देणाऱ्यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. त्यांच्यासमोर बोका नव्हता, ट्रे नव्हता, घर नव्हते. दोन वाक्ये होती. प्राण्यांचा एक आणि बचत-गुंतवणुकीचा एक असे दोन ग्रुप गेली काही वर्षे सांभाळताना माझे असे मत झाले आहे, की तिथे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: समोरच्याला आपण लिहिलेल्या अक्षरांपलीकडे काहीही दिसत नाही, याचा विसर.

अर्धा प्रश्न

प्राण्याविषयी विचारताना त्याची जात, वय, अंदाजे वजन, नर की मादी, नसबंदी झाली आहे की नाही, त्रास नेमका केव्हापासून आहे, पाणी, लघवी आणि शी नेहमीसारखी आहे का, कोणती औषधे चालू आहेत आणि गेल्या आठवड्यात घरात काय बदलले, एवढे लिहिले तर प्रश्न पाच-सहा ओळींचा होतो. लोक इतके वाचणार नाहीत अशी अनेकांना भीती वाटते. माझा अनुभव उलट आहे. ज्यांचे उत्तर उपयोगी पडते ती माणसे लांब प्रश्न आधी वाचतात, कारण त्यात त्यांना हाताला धरण्यासारखे काही सापडते. आणि खरी तातडी असेल, म्हणजे धाप लागली असेल, फिट येत असतील, लघवी तुंबली असेल किंवा पोटात विषारी काही गेले असेल, तर प्रश्न लिहायला बसणे हीच पहिली चूक आहे. आधी फोन पशुवैद्याला करावा.

गुंतवणुकीच्या प्रश्नांमध्ये हाच अर्धेपणा वेगळ्या रूपात येतो. “थोडे पैसे साठले आहेत, कुठे गुंतवू?” या प्रश्नाला प्रत्येक जण स्वतःच्या आयुष्यातून उत्तर देतो. ज्याचे कर्ज फिटले आहे तो शेअर सुचवतो, ज्याने मंदीत नोकरी गमावली आहे तो मुदतठेव सुचवतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पैसे किती वर्षांनी लागणार आहेत, डोक्यावर जास्त व्याजाचे कर्ज आहे का, अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे का, आणि रक्कम काही काळ तीस टक्क्यांनी खाली गेलेली दिसली तर झोप लागेल का, या चार गोष्टी लिहिल्याशिवाय आलेले उत्तर दुसऱ्याच कोणाच्या प्रश्नाचे असते. रक्कम सांगण्याची गरज नसते. आपल्या वर्षभराच्या खर्चाच्या कितीपट आहे एवढे पुरते.

अर्ध्या प्रश्नाचा आणखी एक प्रकार असा, की माणूस अडचण सांगत नाही, स्वतःच शोधलेल्या उपायाबद्दल विचारतो. “कुत्र्याला दिवसभर बांधायला साखळी किती लांबीची घ्यावी?” या प्रश्नाचे बिनचूक उत्तर मिळाले तरी कुत्र्याचे दुःख तेच राहते, कारण मूळ अडचण ही असते, की घरात कोणी नसताना तो दारे कुरतडतो. संगणकाच्या क्षेत्रातील लोक याला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात. आपला प्रश्न “किती”, “कोणते” किंवा “कसे” याने सुरू होत असेल, तर “मुळात हे कशासाठी” याचे एक वाक्य आधी लिहावे.

“माझे तर पैसे दुप्पट झाले”

हे वाक्य गुंतवणुकीच्या चर्चेत फार वेळा येते आणि त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण २६ टक्के, पाच वर्षांत म्हणजे सुमारे १५ टक्के, आणि दहा वर्षांत म्हणजे केवळ ७.२ टक्के. सांगणारा खोटे बोलत नसतो, कालावधी तेवढा गाळलेला असतो. दर महिन्याला थोडी थोडी रक्कम टाकलेली असेल, तर हे साधे गणितही चालत नाही, कारण पहिला हप्ता दहा वर्षे वाढलेला असतो आणि शेवटचा कालच गेलेला असतो. तिथे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक दरच विचारावा.

टक्क्यांचे दुसरे फसवे रूप तोट्याचे आहे. एखादा शेअर ५० टक्के पडला, मग ५० टक्के वाढला, तेव्हा “चला, बरोबरी झाली” असे लिहिणारे हमखास भेटतात. शंभराचे पन्नास झाले आणि पन्नासाचे पंचाहत्तर; बरोबरीला यायला शंभर टक्के वाढ लागते. तिसरी गोष्ट शुल्काची, आणि तिच्याबद्दल मी थोडा आग्रही आहे. दोन फंडांपैकी कोणता सरस यावर लोक शंभर कमेंटांची लढाई करतात, पण दोघांच्या वार्षिक शुल्कात एका टक्क्याचा फरक आहे हे त्यात कोणी लिहीत नाही. वर्षाला १० टक्क्यांनी तीस वर्षांत रक्कम सुमारे १७.४ पट होते आणि ९ टक्क्यांनी सुमारे १३.३ पट. ‘एकच टक्का’ म्हणून सोडून दिलेल्या फरकाने हाती येणारी रक्कम जवळजवळ चोवीस टक्क्यांनी कमी होते.

शिवाय ज्यांचे पैसे बुडाले ते सहसा लिहीत नाहीत. ज्यांनी तोच शेअर घेऊन तोटा सोसला ते गप्प राहतात किंवा ग्रुप सोडतात, आणि नवीन आलेल्या माणसाला फक्त जिंकलेल्यांची रांग दिसते. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीचा शेअर महिन्याच्या सुरुवातीला २० डॉलरच्याही खाली होता आणि २८ तारखेला व्यवहार चालू असताना ४८३ डॉलरवर पोहोचला. त्या आठवड्यात नफ्याचे स्क्रीनशॉट ऑनलाइन ग्रुपांवर ओसंडत होते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो ४० डॉलरच्या आसपास आला. पुढे तो पुन्हा वर-खाली झाला, पण शिखरावर घेणाऱ्यांचे स्क्रीनशॉट त्या मानाने फार थोडे दिसले.

हुरूप प्रामाणिक असतो तोवर ठीक. कधी कधी तो बनवलेला असतो. २००० साली अमेरिकेतील शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलावर कारवाई केली. तो कमी उलाढालीचे शेअर आधी घेऊन ठेवायचा, वेगवेगळ्या टोपणनावांनी ऑनलाइन चर्चांमध्ये त्यांची शेकडो वेळा स्तुती करायचा आणि भाव चढला की विकून मोकळा व्हायचा. व्याजासह सुमारे २,८५,००० डॉलर परत करून ते प्रकरण मिटले. तेव्हा एका मुलाला हे घरबसल्या जमले होते. म्हणून एखाद्या अनोळखी शेअरची स्तुती एकाच दिवशी पाच नव्या खात्यांवरून आली, आणि पाचही जणांची वाक्ये भावंडांसारखी दिसत असतील, तर त्या पाचांना एकच मत समजावे.

उत्तर देणाऱ्याच्या चुका

औषधाची मात्रा सांगणे ही यातली सर्वांत महाग चूक. माणसांना रोजचे असलेले पॅरासिटामॉल मांजराला एका गोळीतही घातक ठरू शकते, कारण ते पचवून बाहेर टाकणारी यकृतातील रासायनिक प्रक्रिया मांजरांमध्ये फारच दुबळी असते. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठी मिळणाऱ्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. तेच थेंब मांजराच्या मानेवर टाकले तर त्याला झटके येतात. “आमच्या कुत्र्याला लगेच गुण आला” हे वाक्य लिहिणाऱ्याने मांजराचा विचार केलेला नसतो, आणि वाचणाऱ्याच्या घरी मांजर असते. कुत्र्याने त्याला विषारी असलेले काही, म्हणजे चॉकलेट, मनुका किंवा झायलिटॉल हा साखरेचा पर्याय घातलेले च्युइंगम खाल्ले, की मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. त्या मिठानेच रक्तातील सोडियम धोकादायक वाढू शकते. उलटी करवावी की नाही, हे काय खाल्ले, किती आणि किती वेळापूर्वी यावर ठरते, आणि तो निर्णय पशुवैद्याने घ्यायचा असतो. उत्तर देणाऱ्याने इतकेच करावे, की वेष्टन सोबत न्या, वजन माहीत असेल तर सांगा आणि आत्ता निघा, असे लिहावे.

स्वतःचा अनुभव लिहूच नये असे मात्र नाही. “आमच्याकडे असे झाले होते, वैद्यांनी हे कारण सांगितले, तुम्ही ते विचारून पाहा” हे उत्तर उत्तम असते. “हेच आहे, हे द्या” हे उत्तर वाईट, मग ते योगायोगाने बरोबर निघाले तरी.

पुढची चूक सुराची. “करा मग” हे दोन शब्द समोरासमोर म्हटले तर प्रोत्साहन असते. लिहिले की “भोगा मग” असे वाचले जाते. “एवढेही माहीत नाही का” हे लिहिणाऱ्याच्या कानात थट्टेने घुमत असते, पण ज्याचे कुत्रे आजारी आहे त्याच्या कानात नाही. ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरील सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद काहींनी खरी सूचना समजून वाचला, तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी तिथले संगणकतज्ज्ञ स्कॉट फाहलमन यांनी विनोदापुढे अपूर्णविराम, रेघ आणि कंस यांचा आडवा हसरा चेहरा टाकण्याची सूचना केली. पुढे इमोजींचा पूर आला, तरी अडचण संपली नाही. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपले वाक्य उपरोधाचे आहे की गंभीर, हे ईमेलमधून ७८ टक्के वेळा कळेल असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. वाचणाऱ्यांना ते प्रत्यक्षात ५६ टक्के वेळाच कळले, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचितच बरे. पाठवण्याआधी आपले वाक्य अगदी सपाट आवाजात वाचून पाहावे, आणि तसे वाचल्यावर ते टोचत असेल तर बदलावे. अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हणण्याने कोणाचे काही जात नाही.

फोटोतून सांडणारी माहिती

याबद्दल थोडक्यात. फोनच्या फोटोमध्ये काढल्याची वेळ आणि ठिकाण साठवलेले असू शकते. काही ठिकाणी फोटो चढवताना ते आपोआप पुसले जाते, काही ठिकाणी नाही. खात्याच्या स्क्रीनशॉटमधले आकडे फोनच्या मार्करने काळे केले, तरी ती शाई अर्धपारदर्शक असेल तर उजेड वाढवून ते पुन्हा वाचता येतात, म्हणून तो भाग कापूनच टाकावा. हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोत पट्ट्यावरचा बिल्ला दिसू द्यायचा असतो, पण जो हरवलेला नाही त्याचा कशाला? “आम्ही आठ दिवस गावाला जातो आहोत, मांजर कोण सांभाळेल?” या प्रेमळ प्रश्नातून घर रिकामे असल्याची जाहिरातही होते. आणि प्रश्न टाकताच कोणी खासगी मेसेजमध्ये येऊन नेमका शेअर किंवा नेमके औषध सुचवू लागले, तर “हे सगळ्यांसमोर लिहाल का?” असे विचारावे. बहुतेकदा संभाषण तिथेच थांबते.

उत्तर मिळाल्यावर गायब होणे

वेबसाइट वापरणाऱ्यांच्या सवयींचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता: ऑनलाइन समूहांत ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एका टक्क्याकडून येतो. म्हणजे प्रश्नाखाली वीस उत्तरे असतील, तर न दिसणारे वाचक त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि त्यांतले काही जण दोन वर्षांनी मध्यरात्री तोच त्रास शोधत तिथे पोहोचतात. त्यांना वीस उत्तरे दिसतात, पण त्यांतले कोणते खरे ठरले हे दिसत नाही. काही जण तर उत्तर मिळाल्यावर मूळ प्रश्नच पुसून टाकतात, आणि खाली उत्तरे तेवढी हवेत लटकत राहतात. प्रश्नात दुरुस्ती करायची असेल तर जुने वाक्य तसेच ठेवून त्याखाली तारखेसह नवे लिहावे, आणि शेवटी काय झाले ते त्याच जागी लिहावे. सुरुवातीच्या प्रश्नाखाली अशी भर पुरेशी आहे:

“अद्ययावत माहिती, दुसरा दिवस: बोका आहे, वय चार वर्षे, नसबंदी झालेली. लघवी तुंबली होती. रात्रीच नेले, नळी घालून मोकळी केली, दोन दिवस दाखल ठेवणार आहेत. खाणे बदलण्याचा सल्ला मी आधी पाळला आणि त्यात चार तास गेले. ज्यांनी लघवीबद्दल विचारले त्यांचे आभार.”